आठ इंच वाढवलेला फोर्क: पाइप कुठे चिरला आणि का

पार्श्वभूमी

गाडी २०१५ ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०. मालक तिशीच्या आतला. रोज कामावर जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर आणि महिन्यातून एखादा घाट, एवढाच वापर. त्याला गाडी चॉपरसारखी हवी होती: पुढचं चाक लांब पुढे गेलेलं, हँडल उंच, टाकी मागे कललेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कस्टम गॅरेजने काम घेतलं. पैसे बेताचे होते, म्हणून चेसिसला हात न लावता फक्त पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) आठ इंच, म्हणजे साधारण २०० मिमी, वाढवायचं ठरलं.

मूळ मापं अशी. फोर्क पाइप ३५ मिमी, ट्रॅव्हल (फोर्क दबतो ते अंतर) १३० मिमी, पुढचा टायर ९०/९०-१९, व्हीलबेस (दोन चाकांच्या अॅक्सलमधलं अंतर) १३७० मिमी. अँगल गेजने मोजलेला रेक, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कल, २७ अंश. यॉक म्हणजे दोन्ही पाइप वर आणि खाली धरून ठेवणारा आडवा तुकडा; त्याचा ऑफसेट, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षापासून पाइप किती पुढे ते अंतर, ५० मिमी. पाइपच्या भिंतीची जाडी ४ मिमी, म्हणजे आतलं भोक २७ मिमी.

या गाडीत सुट्टा वरचा यॉक नसतो. हेडलाइटची ओतीव केसिंगच ते काम करते आणि फोर्क पाइपची वरची टोकं टेपर, म्हणजे निमुळती, होऊन तिच्यात घट्ट बसतात. त्यामुळे नुसता तुकडा जोडून भागत नाही. गॅरेजने केसिंग काढली, अॅल्युमिनियमच्या प्लेटचा सपाट वरचा यॉक बनवून घेतला, पाइपची टेपर टोकं कापून टाकली आणि आतून एम २८ × १.५ चे (२८ मिमी व्यासाचे, १.५ मिमी अंतराचे) आटे पाडले. त्यात माइल्ड स्टीलच्या भरीव सळईचे ३५ मिमी जाडीचे स्लग, म्हणजे लांबी वाढवणारे तुकडे, फिरवून बसवले. शेवटी सगळं बफिंग करून क्रोम केलं. जोड शोधूनही सापडत नव्हता, आणि दिसायला गाडी झकास झाली होती.

अडचण

पहिल्या दिवसापासून हळू वेगात हँडल जड लागत होतं. गल्लीत यू-टर्न घेताना एका ठरावीक कोनानंतर ते आपणहून आत पडायचं आणि ओढून सरळ करावं लागायचं. मालकाने ते चॉपरचं लक्षण म्हणून सोडून दिलं, आणि त्यात तो अगदीच चुकला होता असंही नाही. पाचशे किलोमीटरनंतर ताशी ८० च्या पुढे गाडी संथपणे डोलायला लागली. हजाराच्या आसपास पुढचा ब्रेक दाबला की ‘टक्’ असा एकच आवाज येऊ लागला. मग ब्रेकच्या कॅलिपरच्या बाजूचं फोर्कचं ऑइल सील गळायला लागलं. चौदाशे किलोमीटरला गाडी धुताना त्याच बाजूच्या पाइपवर, खालच्या यॉकच्या जरा खाली, केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. फडक्याने पुसली, दुसऱ्या दिवशी ती परत आली.

पहिलं निदान आणि त्यातली चूक

ही रेघ दिसायच्या आधी, नुसतं डोलणं आणि आवाज असताना, गाडी घराजवळच्या मेकॅनिककडे गेली होती. त्याने पुढचा टायर बदलला आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, आवळला. डोलणं पंधरा दिवस कमी झालं, मग पूर्वीपेक्षा वाढलं.

या प्रकरणातली पहिली महत्त्वाची वेळ हीच. कोनसेट जास्त आवळला की हँडलला घर्षण मिळतं आणि ते स्थिर झाल्यासारखं वाटतं. पण गाडी स्वतःला सरळ ठेवते ती हँडलच्या बारीक मोकळ्या हालचालींमधून, आणि नेमकी तीच हालचाल अडते. शिवाय बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी दाबल्या जाऊन रेसमध्ये, म्हणजे त्या फिरतात त्या कड्यांत, खाचा पाडतात. ‘टक्’ आवाजालाही कोनसेटच जबाबदार धरला गेला. तो खरंच कोनसेटचा असता, तर पुढचं चाक अधांतरी ठेवून फोर्क खालून मागे-पुढे ओढल्यावर हेडस्टॉकपाशी, म्हणजे कोनसेट बसतो त्या चेसिसच्या नळीपाशी, बोटाला जाणवला असता. हात खालच्या यॉकवर न ठेवता त्याच्या खाली पाइपवर ठेवला असता, तर आवाज कुठून येतो ते दोन मिनिटांत कळलं असतं.

रेघ दिसल्यावर मालकाने दुसऱ्या वर्कशॉपला फोटो पाठवले आणि विचारलं, “चाळीस किलोमीटर आहे, हळूहळू घेऊन येऊ का?” उत्तर आलं, “दादा, किल्लीसुद्धा लावू नका. छोटा हत्ती बघा आणि त्यात टाकून आणा.” फोर्क पाइप चिरल्यावर हळू जाण्याने काही साधत नाही. खड्ड्यातला दणका वीसच्या वेगातही पुरेसा असतो, आणि पाइप तुटायच्या आधी कसलीही सूचना देत नाही.

तपासणी

फोर्क उतरवून दोन्ही पाइप साफ केले आणि डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंग, मारला. लाल रंग लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. कॅलिपरच्या बाजूच्या पाइपवर परिघाच्या जवळजवळ एक तृतीयांश लाल रेघ उमटली. दुसऱ्या पाइपवर बाहेरून काहीच दिसलं नाही.

मग मापं घेतली. वरच्या यॉकच्या वरच्या कडेपासून खालच्या यॉकच्या खालच्या कडेपर्यंत १८५ मिमी. स्लग २०० मिमी. म्हणजे जोड खालच्या यॉकच्या १५ मिमी खाली, उघड्यावर. स्लगचा आटेवाला भाग त्याच्याही खाली १२ मिमी पाइपमध्ये गेलेला, आणि चीर बरोबर तिथे, तो भाग संपतो त्या शेवटच्या आट्यावर.

दोन्ही पाइप उभे चिरून बघितले. आतलं भोक मुळात २७ मिमी असल्यामुळे एम २८ चे आटे पूर्ण खोलीचे पडलेच नव्हते, जेमतेम साठ टक्के होते. पकड १२ मिमी. अशा जोडात ती निदान व्यासाएवढी, म्हणजे २८ मिमी तरी, हवी. थ्रेड लॉकरचा हिरवा थर अर्ध्या आट्यांवर होता, उरलेले कोरडे. स्लगचा खांदा पाइपच्या तोंडावर एका बाजूने टेकला होता, दुसऱ्या बाजूने ०.२५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत जात होतं. ब्रेक दाबला की ही फट मिटायची. ‘टक्’ तिथून येत होतं.

चिरेचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तेव्हा आतल्या बाजूने, आट्याच्या तळापासून, गुळगुळीत अर्धगोल रेषा एकामागे एक पसरलेल्या दिसल्या, ओहोटीच्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा. बाहेरच्या कडेला खडबडीत पट्टा. म्हणजे चीर आतून सुरू झाली, शेकडो किलोमीटर हळूहळू वाढली आणि बाहेर पोचल्यावरच दिसली. दुसऱ्या पाइपमध्येही त्याच जागी आत चीर निघाली, फक्त ती अजून बाहेर आली नव्हती.

नेमकं तिथेच का

फोर्क म्हणजे खालच्या यॉकमधून बाहेर आलेली कांब. चाकावरचा भार तिला वाकवतो आणि हा वाक खालच्या यॉकच्या कडेशी सर्वांत जास्त असतो. यॉकच्या वर, दोन यॉकच्या मधल्या भागात, तो झपाट्याने कमी होत वरच्या यॉकपाशी जवळजवळ शून्यावर येतो. दोन इंची स्लग वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळे: त्याचा जोड वरच्या यॉकच्या जरा खाली येतो आणि त्याच्या वाट्याला वाक फारच थोडा येतो. या गाडीत पाच इंची स्लग असता तरी जोड यॉकच्या आत राहिला असता, पण कमाल वाकाचा बराच मोठा हिस्सा सोसत. आठ इंची स्लगने जोड थेट सर्वांत वाईट जागी नेऊन ठेवला.

आकडेही बघण्यासारखे आहेत. स्वार धरून पुढच्या चाकावर साधारण ११५ किलो येतात. २७ अंशांवर त्यातला फोर्कला आडवा येणारा हिस्सा सुमारे ५१० न्यूटन, आणि खालच्या यॉकपासून अॅक्सल ४८० मिमीवर. म्हणून उभ्या गाडीत वाक सुमारे २४५ न्यूटन-मीटर. फोर्क लांबल्यावर कोन ३४ अंश झाला, आडवा हिस्सा ६३० न्यूटनवर गेला आणि अंतर ६८० मिमी झालं. वाक ४३० न्यूटन-मीटर, म्हणजे पावणेदोन पट. खड्ड्यात भार तिप्पट धरला तर एका पाइपवर साधारण ६४५ न्यूटन-मीटर. अखंड ३५ मिमी पाइपला त्याने २३५-२४० मेगापास्कल ताण येतो, जो चांगल्या स्टीलचा पाइप सोसून नेतो. पण धारदार आट्याच्या तळाशी ताण कित्येक पटींनी एकवटतो. त्यात खड्ड्यात वाक पुढच्या दिशेला आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागच्या दिशेला. तार इकडे-तिकडे वाकवून तोडतात, तसाच हा प्रकार. क्रोम प्लेटिंगने भर घातली असण्याचीही शक्यता आहे: प्लेटिंगनंतर भाग लगेच भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजला नाही, तर कठीण स्टीलमध्ये शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. इथे भाजलेला नव्हता.

लवचिकपणा हा वेगळा मुद्दा, आणि ताकदीच्या गप्पांत तो नेहमी मागे पडतो. पाइपचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. ४८० चे ६८० झाले की सारख्याच भाराला पाइप २.८ पट लवतो. आडवा भार वाढला तो धरला तर साडेतीन पट. पाइप तुटला नसता तरी चाक आणि हँडल यांच्यात रबर बसवल्यासारखं झालंच होतं. ऑइल सील गळण्याचं कारणही हेच: लवलेला पाइप स्लायडरमध्ये, म्हणजे तो सरकतो त्या खालच्या नळीत, तिरका घासतो, बुश एका अंगाने झिजतात आणि छोट्या खड्ड्यांत फोर्क दबतच नाही, अडकतो.

आता डोलणं. फोर्क २०० मिमी वाढला की पुढचा भाग उचलला जातो आणि सगळी चेसिस मागच्या अॅक्सलभोवती फिरते. या गाडीत सात अंश. दर इंचाला जवळपास एक अंश हा गॅरेजमधला ठोकताळा इथे बऱ्यापैकी बरोबर निघाला. ट्रेल म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर. तो काढायचा तर चाकाची त्रिज्या (इथे ३२२ मिमी) गुणिले रेकचा साइन, वजा ऑफसेट, आणि सगळं भागिले रेकचा कोसाइन. मूळ ट्रेल १०८ मिमी, बदललेला १५७ मिमी. व्हीलबेस १४७२. हँडल वळवल्यावर पुढचा भाग खाली पडण्याची ओढ ट्रेल गुणिले साइन गुणिले कोसाइन अशी मोजतात: ती ४४ वरून ७३ मिमीवर गेली. यू-टर्नमध्ये हँडल ‘पडतं’ ते या ७३ मुळे. जास्त ट्रेल सरळ रस्त्यावर स्थिरता देतो हे खरं, पण चाक आणि हँडल यांच्यात घट्ट जोड असेल तरच. इथे मध्ये लवणारा पाइप, उघडझाप करणारी फट आणि जाम कोनसेट होता.

सात अंशांच्या कलाचे आणखी परिणाम कुणी बघितलेच नव्हते. कार्ब्युरेटरचा फ्लोट तिरका, ऑइलच्या काचेतली पातळी खोटी, हेडलाइट आभाळाकडे, साइड स्टँडवर गाडी नको तितकी कललेली. ब्रेकचा होज मूळ लांबीचाच होता आणि हँडल पूर्ण वळवल्यावर ताणला जात होता.

पर्याय

पहिला पर्याय मालकानेच सुचवला: चिरेवर बाहेरून स्लीव्ह चढवून वेल्डिंग. तो लगेच बाद झाला. फोर्क पाइपच्या स्टीलमध्ये कार्बन बऱ्यापैकी असतो. आधी तापवल्याशिवाय वेल्ड केलं तर वेल्डशेजारचा पट्टा ठिसूळ होतो, पाइप वाकडा होतो, आणि हे सगळं पुन्हा त्याच सर्वाधिक वाकाच्या जागी.

दुसरा: त्याच लांबीचे, जोड नसलेले, एकसंध ३५ मिमी पाइप. कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप किंवा ईएन १९ स्टीलमधून बोअर करून, हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंगसह. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत हे काम करणारे मिळतात. तुटण्याचा प्रश्न मिटला असता. लवणं साडेतीन पटच राहिलं असतं आणि ट्रेलही १५७ च.

तिसरा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नीट: ४१ मिमीचे पाइप, जाड यॉक, आणि यॉकमध्येच ३ अंशांचा कोन. तेवढ्याच भिंतीचा ४१ मिमी पाइप ३५ पेक्षा ४४ टक्के मजबूत आणि सुमारे १.७ पट ताठ. कोन असलेल्या यॉकमुळे चाक स्टिअरिंगच्या अक्षाच्या ४५-४७ मिमी आणखी पुढे जातं आणि ट्रेल १०० च्या आसपास येतो, म्हणजे हँडल जवळपास मूळ गाडीसारखं. इथे एक धोका सांगायलाच हवा: असे यॉक मूळ लांबीच्या फोर्कवर, नुसत्या दिसण्यासाठी लावले तर १०८ मधून ४० मिमीच्या आसपास वजा होतात आणि वेगात हँडल थरथरून हातातून निसटू शकतं. कोनाचे यॉक हे वाढलेला ट्रेल कमी करण्याचं साधन आहे. ट्रेल किती ते मोजल्याशिवाय ते घेऊ नयेत. स्वीडनमधले लांब फोर्कचे चॉपर रस्त्यावर नीट चालतात, कारण तिथे पाइपची जाडी, यॉक आणि चेसिसचा कोन यांचा विचार एकत्र होतो.

चौथा पर्याय, सगळं मूळ अवस्थेला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाला आडवा आला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. आरसीमध्ये व्हीलबेसची नोंद असते, आणि इथे तो १०२ मिमीने वाढलेला. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न फोर्कचाच विचारणार. चेसिसचा गळा कापून कोन बदलणं तर चर्चेलाही आलं नाही, कारण या गाडीचा चेसिस नंबर हेडस्टॉकवरच ठोकलेला आहे.

मालक दोन दिवस तिसऱ्या पर्यायावर अडून होता. गाडी फक्त प्रदर्शनात ठेवायची असती तर तो योग्यही ठरला असता. रोज कामावर न्यायची गाडी तीच, म्हणून शेवटी चौथा घेतला.

काय केलं

टेपर टोकं कापलेली असल्याने जुने पाइप गेलेच. नवे मूळ पाइप, हेडलाइटची केसिंग, सील, बुश आणि कोनसेट घेतले. खालचा यॉक सरफेस प्लेटवर ठेवून, त्यात दोन सरळ ग्राउंड सळया आवळून बघितला. त्या एकमेकींना समांतर नव्हत्या, यॉकला पीळ बसला होता. तोही बदलला. हेडस्टॉकच्या वेल्डवर पेनिट्रंट मारला, चीर नव्हती. नवे पाइपसुद्धा बसवण्याआधी व्ही-ब्लॉकवर फिरवून, डायल गेज लावून सरळ आहेत का ते बघितलं. नवा आहे म्हणून सरळच असेल असं धरून चालत नाही.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा. पाइप केसिंगच्या टेपरमध्ये वरच्या नटने पूर्ण ओढून घेतले, त्यानंतरच खालच्या यॉकचे बोल्ट आवळले. उलटं केलं तर टेपर अर्धवट बसतो आणि महिन्याभरात सैल होतो. चाकाचा स्पिंडल घालून, त्याचे क्लॅम्प सैल ठेवून फोर्क पाच-सहा वेळा दाबला, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी आले, मग क्लॅम्प आवळले. कोनसेट असा लावला की चाक अधांतरी असताना हँडलला मध्यावरून बोटाने हलकासा धक्का दिला तर ते आपणहून टोकापर्यंत जावं, आणि फोर्क मागे-पुढे ओढल्यावर खेळ लागू नये.

परिणाम

गाडी १३७० च्या व्हीलबेसवर परत आली. डोलणं गेलं, आवाज गेला. तीनशे किलोमीटरनंतर कोनसेट नेहमीप्रमाणे थोडा बसला होता, तो एकदा आवळला. दोन हजार किलोमीटरनंतर सील कोरडं. लांब दिसण्याची हौस मालकाने मागे वळलेल्या हँडलवर भागवली. खर्चाचं म्हणाल तर फोर्क लांब करायला लागला त्याहून जास्त तो आखूड करायला लागला.

काय वेगळं करता आलं असतं

स्लग ऑर्डर करण्याआधी दोन यॉकमधलं अंतर टेपने मोजलं असतं, तर हे काम त्याच दिवशी थांबलं असतं. १८५ आणि २०० या दोन आकड्यांना कॅल्क्युलेटरही लागत नाही. ट्रेलचं गणित त्यानंतर, आणि तेही कागदावर, लेथवर जाण्याआधी.

जोड क्रोमखाली झाकायला नको होता. ज्याने कुणी स्लग लावलेच आहेत आणि ज्याचा जोड यॉकच्या आत आहे, त्याने स्लग आणि पाइप दोन्हींवरून जाणारी रंगाची एक बारीक उभी रेघ मारून ठेवावी. रेघ तुटून बाजूला सरकली, म्हणजे स्लग फिरला. पहिल्या शंभर किलोमीटरला बघावी, मग दर पाचशेला. जोडाभोवती तपकिरी भुकटी दिसली तर ती धुऊन टाकायची नाही. तो गंज नेहमीचा नसतो, दोन धातू एकमेकांवर घासत असल्याची ती खूण असते. गाडी तिथेच उभी करून फोर्क उतरवायचा.

पहिल्या मेकॅनिकने टायर आणि कोनसेट ही रोजची कारणं आधी घेतली, त्यात गैर काही नव्हतं. पण समोर आठ इंच वाढवलेला फोर्क दिसत असताना क्रम उलटा हवा होता: आधी जोड, मग पाइपचा सरळपणा, मग यॉक, आणि सगळ्यात शेवटी कोनसेट. कोनसेट आवळून लक्षण दबलं, आणि चीर आतून वाढत असताना गाडी आणखी चारशे किलोमीटर चालली.